कुळाचार सोडून आलेले नायक

काल्पनिक जगांतल्या व्हिडिओ गेमांचे नायक एका ओळीत उभे केले तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते: यांपैकी कुणालाच सुतक लागत नाही. ‘बाल्डर्स गेट’चा (१९९८) नायक तटबंदीतल्या एका ग्रंथालयात वाढलेला पोरका आहे, आणि त्याला सांभाळणारा म्हातारा गेम सुरू झाल्यावर थोड्याच वेळात मारला जातो. ‘प्लेनस्केप: टॉरमेंट’चा (१९९९) नायक शवागारात जागा होतो तेव्हा त्याला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही. ‘मॉरोविंड’ (२००२), ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) आणि ‘स्कायरिम’ (२०११) या तिन्हींत तो कैदी म्हणून पडद्यावर येतो. कुठल्या गावचा, कुणाच्या घरचा, याची चौकशी कुणी करत नाही. ‘द विचर’मधला (२००७) गेराल्टही स्मृती हरवूनच दाखल होतो. आईबाप, भाऊबंद, व्रतवैकल्य, कुणाचं देणं, कुणाशी वैर, असं काहीच यांच्या पाठीला लागलेलं नसतं. गंमत अशी की याच गेमांत कडक रीतिरिवाजांचे समाज मुबलक असतात. पोथीचा शब्द न मोडणारे योद्धे असतात, जातीबाहेर पडलेल्याचं नाव दप्तरातून खोडणारी नगरं असतात, शपथेपायी पिढ्या खर्ची घालणारी कुळं असतात. ही माणसं नायकाच्या बरोबरीने चालतात, त्याच्याशी वाद घालतात, त्याच्यासाठी मरतात. नायक मात्र त्यांच्यातला नसतो. खर्चाच्या आणि सोयीच्या हिशेबातून निघालेली एक तोड पुढे या प्रकाराची रीतच होऊन बसली, आणि भूमिका वठवण्याच्या या खेळातला सर्वांत कसदार भाग तिने नायकाच्या हातून काढून सोबत्यांच्या पदरात टाकला, असं माझं म्हणणं आहे. सुरुवातीला हे असं नव्हतं, म्हणून इतिहासापासूनच आरंभ केलेला बरा.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. आजचे सगळे रोल-प्लेइंग गेम त्याच्याच पोटचे. मूळ पुस्तिकांत पात्राने तीन बाजूंपैकी एक धरायची होती: नियम, अराजक किंवा मधली वाट. तेवढ्यावरून कुणाचं वागणं फारसं बांधलं जात नसे. बांधिलकी आली ती पुढच्याच वर्षी, ‘ग्रेहॉक’ नावाच्या पुरवणीतून. तिच्यात पॅलाडिन हा व्रतस्थ योद्धा अवतरला. तो नियमाच्याच बाजूचा असायला हवा, त्याने मोजक्याच जादूच्या वस्तू बाळगायच्या, आणि अराजकाचं एक कृत्य हातून घडलं की पॅलाडिनपण कायमचं गेलं. १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये हा आचार आणखी तपशिलाने आला. कमाईचा दहावा हिस्सा दान करायचा, जादूच्या वस्तू दहाच्या वर ठेवायच्या नाहीत, दुष्टांची संगत करायची नाही. नियमभंग झाला तर धर्मगुरूपुढे कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यायचं. जाणूनबुजून दुष्कृत्य केलं तर मात्र प्रायश्चित्तालाही जागा नाही. म्हणजे या खेळाच्या जन्मानंतर वर्षभरातच त्याच्या निर्मात्यांनी ओळखलं होतं की पात्राला हात बांधून दिले तर ते अधिक ठसठशीत होतं. पॅलाडिन घेऊन खेळणाऱ्याला लुटीतला कुठला माल सोडायचा हे ठरवावं लागे, आणि सोबतचा चोर कुलूप फोडत असताना नजर कुठे वळवायची हेही. चोराच्या भूमिकेतल्या खेळाडूला असे पेच क्वचित पडत.

‘ग्रेहॉक’ निघाली त्याच १९७५ साली, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढणाऱ्या टीएसआर कंपनीनेच ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हा खेळ काढला, आणि पुढे रूढ झालेली पळवाट पहिल्यांदा त्यात दिसते. त्याचे कर्ते एम. ए. आर. बार्कर हे मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषा शिकवणारे भाषाशास्त्रज्ञ. ‘टेकुमेल’ नावाचं जग त्यांनी अनेक वर्षं मनात जोपासलं होतं. त्याच्या भाषा, लिप्या, देवतांचे संप्रदाय, कुळं आणि मानपानाच्या पायऱ्या त्यांनी बारकाईने रचल्या होत्या. कुणाशी बोलताना कुठलं सर्वनाम वापरायचं इथपासून त्या समाजात चूक होऊ शकते. हे सगळं नव्या खेळाडूला पहिल्याच दिवशी कसं शिकवायचं? बार्कर यांनी ती अडचण अशी सोडवली की खेळाडूची पात्रं या साम्राज्यातली नसतातच. ती परमुलखातली रानटी माणसं, नुकतीच गलबतातून जकाल्ला बंदरात उतरलेली. त्यांना काही ठाऊक नसतं, म्हणून खेळाडूलाही काही ठाऊक नसलं तरी चालतं. तोड प्रामाणिक आहे, आणि पहिल्या काही बैठकांपुरती योग्यही. पण तिची किंमत मोठी. ज्या संस्कृतीसाठी हा सगळा खटाटोप केला, ती नायकाच्या आत राहिली नाही. परक्याच्या डोळ्यांना दिसणारा देखावा झाली.

दहा वर्षांनी, १९८५ मध्ये, याच प्रश्नाला दोन वेगळी उत्तरं मिळाली. पहिलं ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ‘पेंड्रॅगन’चं. राजा आर्थरच्या दरबारातल्या सरदारांचा हा कागदी खेळ. त्यात प्रत्येक पात्राच्या स्वभावाच्या तेरा जोड्या असतात: दयाळू आणि क्रूर, विनयी आणि अहंकारी, क्षमाशील आणि सूडखोर, अशा. एका जोडीतल्या दोन्ही आकड्यांची बेरीज वीस, त्यामुळे एक बाजू वाढली की दुसरी आपोआप घटते. एखादा गुण सोळावर गेला की पात्राची तशी ख्याती होते, आणि मग ऐनवेळी खेळाडूला वाटेल तसं वागता येत नाही. फासे टाकून स्वभाव काय म्हणतो ते पाहावं लागतं. सूडखोर म्हणून नाव झालेल्या सरदाराला शत्रूला सोडून द्यायचं असेल तर आधी स्वतःच्या स्वभावाशी झुंजावं लागतं. निष्ठा, घराण्यावरचं प्रेम, वैर यांनाही असेच आकडे. सरदार मेला की त्याचा मुलगा पुढे चालवतो, आणि बापाचं वैर त्याच्याकडे वारशाने येतं. कडक संस्कृतीतला माणूस आतून कसा असेल, याची इतकी नेमकी मांडणी कागदावरच्या खेळांतही क्वचितच झाली असेल.

दुसरं उत्तर संगणकावरचं: रिचर्ड गॅरियट यांचा ‘अल्टिमा फोर: क्वेस्ट ऑफ द अवतार’. त्याआधीच्या भागांत खेळाडू दुकानं लुटत, गावकऱ्यांना मारत आणि तरीही शेवटी जगाचे तारणहार ठरत. हे गॅरियट यांना खटकलं होतं. चौथ्या भागात त्यांनी अंतिम खलनायकच काढून टाकला. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता या आठ गुणांत पूर्णत्व मिळवून ‘अवतार’ होणं हेच ध्येय. गेम सगळ्याचा हिशेब मुकाट्याने ठेवतो. औषधी वनस्पती विकणारी आंधळी बाई किती नाणी दिलीत ते पाहू शकत नाही; कमी देऊनही माल मिळतो, पण कुठेतरी प्रामाणिकपणा वजा झालेला असतो. लढाईतून पळालात तर शौर्य घटतं. हा हिशेब पडद्यावर दिसत नाही. राजवाड्यातल्या एका द्रष्ट्याला विचारावं लागतं. एक गोम मात्र इथेही राहिली: या गेमचा नायक ब्रिटानिया नावाच्या त्या देशातला नाहीच, तो आपल्या पृथ्वीवरून तिथे गेलेला. आचार कडक, पण तो पाळणारा पाहुणा.

यानंतर संगणकावरचे गेम मोठे होत गेले आणि नायक रिकामा होत गेला. त्याचं कारण कुणाच्या वैचारिक भूमिकेत शोधायला नको, ते कारखान्याच्या हिशेबात सापडतं. कागदी खेळात खेळ चालवणारा नियामक समोर बसलेला असतो. पॅलाडिनने काही केलं तर गावाने कसं वागायचं हे तो जागच्या जागी ठरवतो. संगणकावर तीच प्रतिक्रिया आधी कुणीतरी लिहावी लागते, तपासावी लागते, पुढे ध्वनिमुद्रित करावी लागते. नायक सहा वंशांचा आणि दहा पेशांचा असू शकतो असं एकदा ठरलं की प्रत्येकासाठी वेगळे संवाद लिहिणं परवडत नाही. मग सगळ्यांना चालेल असं एकच वाक्य लिहिलं जातं, आणि सगळ्यांना चालेल असं वाक्य कुणाच्याच तोंडचं नसतं. ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’मध्ये (२०१४) मानव, एल्फ, बुटका आणि शिंगवाला कुनारी या सर्वांसाठी मिळून चार आवाज आहेत, दोन पुरुषांचे आणि दोन स्त्रियांचे. ‘मॉरोविंड’चं उदाहरण याहून बोलकं. तो गेम ज्या बेटावर घडतो तिथला डन्मर समाज पूर्वजांची पूजा करणारा, परक्यांना तुच्छ लेखणारा, अभिजात घराण्यांत विभागलेला. गेमांतल्या कल्पित समाजांत इतकं खोल काम थोड्यांवरच झालं आहे. खेळाडूने नायक म्हणून डन्मर निवडला तरी बेटावरचे डन्मर त्याला परदेशी म्हणूनच हिणवतात. कथेत त्याचं समर्थन आहे: तो बेटाबाहेर वाढला. लेखनाच्या दृष्टीने पाहिलं तर सर्व वंशांसाठी एकच शिवी पुरली.

संस्कृतीचा भार नायकाने उचलायचा नाही असं ठरल्यावर तो गेला सोबत्यांकडे, कारण सोबती एकच असतो, त्याचा वंश ठरलेला असतो, त्याच्यासाठी मन लावून लिहिता येतं. ‘प्लेनस्केप: टॉरमेंट’मधला डाककोन हा या परंपरेतला मला सर्वांत वरचा वाटतो. तो गिथझेराई जमातीचा. ही जमात एके काळी मन खाणाऱ्या राक्षसांची गुलाम होती आणि त्या गुलामीच्या आठवणीवरच तिचा सगळा धर्म उभा आहे. डाककोनने नायकाला एकदा शब्द दिला: तुझ्या मृत्यूपर्यंत तुझी सेवा करीन. नायक मरत नाही, हे त्या वेळी त्याला ठाऊक नव्हतं. गुलामगिरी हे महापाप मानणाऱ्या समाजातला माणूस स्वतःच्याच शब्दाने कायमचा गुलाम झाला, आणि शब्द मोडायला त्याचाच धर्म परवानगी देत नाही. त्याच्या हातातली तलवार मनाच्या निश्चयातून आकार घेते. मनात संशय आला की पातं बोथट होतं. त्याच्याजवळच्या धर्मग्रंथाच्या तबकड्या नायक वाचायला शिकतो आणि त्यांचा असा अर्थ लावू शकतो की गुरूच शिष्य होतो. इथे व्हिडिओ गेमने शोकांतिका लिहिली आहे. पण ती शोकांतिका ज्याची आहे तो खेळाडू नव्हे. खेळाडूकडे आहे स्मृती हरवलेला नायक, ज्याला कुठलाच शब्द बांधत नाही.

‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ने (२००९) हे चित्र पालटायचा खराखुरा प्रयत्न केला, म्हणून त्याचं अपयश सर्वांत शिकवणारं आहे. त्यात नायकाचे सहा वेगवेगळे आरंभ आहेत, आणि त्यांतले दोन ऑर्झामार या बुटक्यांच्या भूमिगत नगरातले. मराठी वाचकाला ऑर्झामार समजावून सांगावं लागत नाही. सरदार, योद्धे, लोहार, कारागीर, व्यापारी, खाणकरी, सेवक अशी जातींची उतरंड. मुलाला बापाची जात, मुलीला आईची. या सगळ्यांखाली जातिबाह्य, ज्यांच्या चेहऱ्यावर जन्मतःच डाग गोंदलेला असतो आणि ज्यांना इमानाचा कुठलाही धंदा करू दिला जात नाही. नगर सोडून जमिनीवर आलेल्याचीही जात जाते. जातिबाह्याच्या आरंभात नायक एका दारुड्या योद्ध्याचं चिलखत चढवून त्याच्या नावाने आखाड्यात उतरतो, जिंकतो, आणि चेहरा उघडा पडताच तो विजय गुन्हा ठरतो. सरदाराच्या आरंभात राजपुत्र भावाच्या कटात सापडतो. दोन्ही प्रसंग दमदार आहेत, आणि दोन्ही एक-दोन तासांत संपतात. ग्रे वॉर्डन नावाच्या पंथाचा माणूस येतो, नायकाला घेऊन जातो, आणि पंथात गेल्यावर मागचं सगळं सुटतं. जात, घर, सूड हे सगळं एका प्रस्तावनेत बंद होतं. पुढे ऑर्झामारला परतावं लागतं तेव्हा जुन्या ओळखीचे काही टोमणे कानांवर पडतात खरे, पण जो राजा निवडायचा तो कुठल्याही वंशाच्या नायकाला तसाच निवडता येतो.

याच गेममधला स्टेन पाहा, म्हणजे काय हुकलं ते कळतं. तो कुनारी, म्हणजे कुन या आचारधर्मात वाढलेला. स्टेन हे त्याचं नाव नव्हे, हुद्दा आहे. कुनमध्ये माणूस म्हणजे त्याचं काम. तो प्रथम भेटतो तो पिंजऱ्यात. शुद्धीवर आल्यावर तलवार जागेवर नाही हे पाहून भेदरलेल्या स्टेनने त्याची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबालाच मारलं होतं, आणि आता तो शिक्षा भोगत मुकाट बसला आहे. तलवारीवाचून घरी गेला तर त्याचेच लोक त्याला मारतील, आणि ते योग्यच असंही तो मानतो. नायक स्त्री असेल तर तो गोंधळतो: बाई लढते, मग ती बाई कशी? मालिकेच्या दुसऱ्या भागात (२०११) कुनारींचा सेनापती अरिशोक एका परक्या बंदरात वर्षानुवर्षं अडकून राहतो, कारण चोरीला गेलेला पवित्र ग्रंथ मिळाल्याशिवाय परत जाणं त्याला शक्य नाही. याच भागात नायक एका साखळदंडातल्या कुनारी जादूगाराला पहारेकऱ्यांपासून वाचवतो, आणि सुटलेला तो जादूगार कुनच्या आज्ञेप्रमाणे स्वतःला जाळून घेतो. खेळाडूला वाद घालता येतो, पाहता येतं. तिसऱ्या भागात अखेर नायक कुनारी होऊ शकतो, आणि तेव्हा लेखकांनी काय करावं? त्याला कुनबाहेर जन्मलेला भाडोत्री सैनिक केलं. शिंगं मिळाली, धर्म नाही. धर्म पुन्हा सोबत्याकडेच, आयर्न बुलकडे. आपल्या पथकातली माणसं वाचवायची की कुनारींचं जहाज, हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय, आणि तो घेतो खेळाडू, बाहेरचा माणूस म्हणून. जहाज वाचवलं तर बुल कुनशी एकनिष्ठ राहतो आणि २०१५ च्या ‘ट्रेसपासर’ या पुरवणी भागात आज्ञा होताच नायकावरच उलटतो. तो क्षण बुलच्या बाजूने खेळायला मिळाला असता तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: या प्रकाराचं सगळं आकर्षण मोकळेपणात, नायकाला आचाराने जखडलं तर खेळाडूला उरलं काय? उत्तर असं की पर्यायांची संख्या आणि निवडीचं वजन या वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये काही पुढाऱ्यांनी ख्रिस्ती लोकांकडचा चहा घेतला आणि त्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभं राहिलं. त्यांपैकी न्यायमूर्ती रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं, आणि ते घेतल्याबद्दल सुधारकांचेही बोल खाल्ले. ज्या समाजात चहाने काही बिघडत नाही, तिथे चहा पिणं हा निर्णयच होऊ शकत नाही. गेमांत याला पुरावा आहे. ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’मध्ये (२०१५) पॅलाडिनांचे पाच पंथ आहेत आणि प्रत्येक पंथाचे आवडते आणि निषिद्ध स्वभाव ठरलेले. ब्लीक वॉकर्स पंथात क्रौर्य हे व्रत आहे, तर काइंड वेफेअरर्समध्ये दयाळूपणा. व्रताप्रमाणे बोललं-वागलं तर पात्राची श्रद्धा बळावते आणि लढाईत त्याचा फायदा दिसतो. व्रताविरुद्ध गेलं तर ती क्षीण होते. दया दाखवायची मुभा ब्लीक वॉकरलाही आहेच, फक्त ती फुकट नाही. इतर पात्रांसाठी जे वाक्य निव्वळ सौजन्याचं, ते याच्या तोंडी धर्मभंग होतं. लिहिणाऱ्याला संवाद तेच पुरले. बदलला तो त्यांचा अर्थ. खर्चाची जी सबब वर सांगितली ती इथे लंगडी पडते.

दुसरा आक्षेप बार्कर यांच्या काळापासूनचा: खेळाडूला ती संस्कृती ठाऊक नसते, तर तो तिच्यातला माणूस कसा होणार? ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’ने (१९९९) याला दिलेलं उत्तर अजून मागे पडलेलं नाही. ए शार्प या छोट्या संस्थेचा हा गेम, मुख्य लेखन रॉबिन लॉज यांचं, जग ग्रेग स्टॅफर्ड यांचं ग्लोरँथा. खेळाडू इथे एका कुळाचा कारभार पाहतो. आरंभीच त्याला पूर्वजांबद्दल प्रश्न विचारले जातात: तुमचं जुनं वैर कुणाशी, तुम्ही गुलाम बाळगलेत की नाही. ही उत्तरं पुढे कुळाला बांधतात. गुलाम न बाळगणाऱ्या पूर्वजांच्या वंशाने ते बाळगले तर पूर्वज रागावतात. माहिती नसण्याची अडचण सात सल्लागारांच्या मंडळाने सोडवली आहे. प्रत्येक प्रसंगी ते आपापल्या देवाच्या वळणाने बोलतात, काही वेळा चुकीचंही बोलतात, आणि त्यांचं ऐकत ऐकत खेळाडूला रीत कळते. सर्वांत अवघड भाग देवकथांचा. कुळावर संकट आलं की कुणीतरी देवाच्या वाटेने जाऊन ती कथा पुन्हा जगायची असते, आणि कथेत देवाने जे केलं ते आठवून निवडावं लागतं. चांगल्या मनाचा आधुनिक वाचक जिथे उदारपणे वागेल तिथे तो अनेकदा कुळाचं नुकसान करतो. परक्या गलबताची इथे गरज पडली नाही. माणसाला त्याची रीत घरातली म्हातारी माणसं शिकवतात, तीच युक्ती गेमने केली. पहिल्या वेळी याची विक्री बेताचीच झाली हे मान्य. पण २०११ मध्ये आयफोनवर आल्यावर त्याला नवा वाचकवर्ग म्हणावा असा खेळाडूवर्ग मिळाला, आणि २०१८ मध्ये त्याच घडणीचा ‘सिक्स एजेस’ही निघाला.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. कडक संस्कृती म्हणजे बहुधा अन्यायाची संस्कृती. तिच्यात नायकाला आज्ञाधारक म्हणून बसवणं म्हणजे त्या अन्यायाला रंगतदार करणं. जातीचा अनुभव ज्या देशात गोष्टीतला नाही, तिथल्या वाचकाने हे म्हणावं यात नवल नाही. आंबेडकरांनी जातीचं वर्णन श्रेणीबद्ध विषमता असं केलं. वरच्याबद्दल चीड आणि खालच्याबद्दल तुच्छता एकाच माणसात नांदतात, म्हणून ती उतरंड टिकते, हा त्यांचा मुद्दा. नेमकं हेच बाहेरच्या नायकाला कधी कळत नाही. ऑर्झामारमध्ये परका वॉर्डन येतो, जातिबाह्यांची वस्ती पाहून हळहळतो आणि पुढे जातो. त्याला ती व्यवस्था मूर्खपणाची वाटते, आणि मूर्खपणा वाटणं फार स्वस्त असतं. तिच्यावर पोट असलेला लोहार तिला का धरून बसतो, हे त्या लोहाराच्या जागी बसल्याशिवाय उमगणार नाही. राजाच्या निवडीत या गेमने हा गुंता थोडा गाठला आहे: भावाचा खून करवणारा कारस्थानी बेलेन गादीवर आला तर जातिबाह्यांवरची बंधनं सैल होतात, आणि सचोटीचा हॅरोमाँट आला तर जुनी चौकट अधिक घट्ट होते. ऑब्सिडियन कंपनीचा ‘टिरनी’ (२०१६) याहून पुढे गेला. त्यात नायक कायरॉस या सर्वसत्ताधीशाच्या न्यायखात्याचा अधिकारी आहे, म्हणजे जुलमी राजवटीतला माणूस, आतला. गेमच्या आरंभीच तो एका खोऱ्यावर मृत्यूचा फतवा वाचून दाखवतो: ठरल्या दिवसापर्यंत गड हाती आला नाही तर खोऱ्यातले सगळे मरतील, स्वतः तोही. त्याला कायदा पाळावाच लागतो, आणि कायद्याच्या शब्दांत कुठे फट आहे हे शोधणं एवढीच त्याची मोकळीक. या गेमने जुलूम गोंडस केला असं म्हणता येणार नाही. सज्जन माणूस सही कशी करतो, एवढंच तो सावकाश दाखवतो. अन्याय आतून खेळायला देणं आणि अन्यायाची भलामण करणं यांतला फरक लेखनाच्या इमानावर ठरतो. नायक बाहेरचा ठेवल्याने तो आपोआप साधत नाही.

अलीकडे वारं थोडं फिरलेलं दिसतं. ‘बाल्डर्स गेट थ्री’मध्ये (२०२३) पॅलाडिनची शपथ पुन्हा जिवंत झाली आहे: शपथेविरुद्ध वागलात तर रात्री तळावर एक चिलखतधारी येतो आणि शपथभ्रष्टांच्या वाटेचं आमंत्रण देतो. जुनी शपथ परत हवी असेल तर त्याला सोन्याची नाणी मोजायची. १९७८ च्या प्रायश्चित्तापुढे हा दंड म्हणजे ग्रामपंचायतीची पावती वाटते, तरी शपथ मोडते हे गेमला कळतं, हेही कमी नाही. याच गेममध्ये नायक गिथयांकी घेता येतो, डाककोनच्या जमातीच्या सख्ख्या भाऊबंदांतला, आणि त्या जमातीचे खास संवादही त्याला मिळतात. पण जमातीच्या राणीची, व्लाकिथची, आज्ञा मानायची की स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, हा झगडा ज्याच्यासाठी प्रसंगाप्रसंगाने लिहिला आहे ती पुन्हा सोबतीण, लेझेल. आणि ‘ड्रॅगन एज’? २००९ ते २०२४ या काळात त्या मालिकेचे चार मुख्य गेम आले, शेवटच्या दोहोंत खेळाडूला कुनारी होता येतं, आणि कुनच्या आज्ञेत राहणारा नायक चारांपैकी एकातही नाही.